आधी खर्च मांडा, मग उत्पन्न सांगा

चौदा एप्रिलची मिरवणूक संपते, मंडप उतरतो आणि काही दिवसांत मंडळाच्या फलकावर जमाखर्चाचा कागद लागतो. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याला किती दिले, लाइट-डेकोरेशनला किती गेले, शिल्लक किती राहिली, याचा रुपया-रुपयाचा हिशोब. सोलापुरात मिलिंदनगर असो, बुधवार पेठ असो की शहराबाहेरच्या नव्या वसाहती असोत, ज्या मंडळाचा कागद लागत नाही त्याच्याकडे लोक संशयाने पाहतात आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक पैशाचा हिशोब दिलाच पाहिजे, ही शिस्त चळवळीने आम्हाला लावली.

परंतु हाच फलक लिहिणारा कार्यकर्ता दिवसा एखाद्या कारखान्यात नोकरी करतो आणि रात्री घरी शिलाई मशीन चालवतो, तेव्हा त्या मशीनचा जमाखर्च कुठे लिहिलेला असतो? कुठेच नसतो. त्याला बँकेत विचारतात, वर्षाचे उत्पन्न किती? तहसील कार्यालयात विचारतात, वर्षाचे उत्पन्न किती? तो हातात आलेले सगळे पैसे बेरीज करून सांगतो. धागा कुणी आणला, विजेचे बिल कुणी भरले, गठ्ठे आणण्या-नेण्याचे रिक्षाभाडे कुणी दिले, हे तो सांगत नाही, कारण ते त्याने लिहिलेलेच नाही. जे हाती आले ते सारे उत्पन्न नव्हे. खर्च वजा जाता जे उरते ते उत्पन्न. एवढी साधी गोष्ट आमच्या समाजाने नीट मनावर घेतली नाही, म्हणून कित्येक घरांचे नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय पांढरपेशांचा आहे, आपला नव्हे, असे काही वाचक म्हणतील. तसे म्हणणाऱ्यांनी सोलापूरकडे नीट पाहावे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर उठत होते आणि झोपत होते. गिरणीत कामगाराचे शोषण होतच होते. पण यंत्र मालकाचे होते, तेल मालकाचे होते, वीज मालकाची होती, छप्पर मालकाचे होते. कामगार आपले दोन हात घेऊन जात होता. गिरण्या बंद पडल्या आणि काम घराघरांत शिरले. आज या शहरात तयार कपड्यांचा, विशेषतः शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे आणि त्यातले बरेच काम तुकड्यावर होते. घरी शिवणाऱ्याचे यंत्र स्वतःचे, वीज स्वतःची, जागा स्वतःची. म्हणजे गिरणी मोडली तेव्हा केवळ रोजगार गेला नाही. उत्पादनाचा खर्चही मालकाच्या वहीतून उठून आमच्या घरात येऊन बसला. मालकाच्या वहीत त्याची नोंद होत होती. आमच्या घरात त्याची वहीच नाही.

आणि प्रश्न फक्त शिलाईचा नाही. नोकरीच्या पगारात भागत नाही म्हणून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी दुसरे काम करणारे आज प्रत्येक वस्तीत आहेत. कुणी विमा एजंट आहे. कुणी फ्लेक्स आणि पत्रिकांचे डिझाइन करून देतो. खासगी कंपनीतला अभियंता रविवारी घरांचे नकाशे काढतो. आमच्या भगिनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दुकानांना पुरवतात, डबे देतात. हे सारे कायद्याच्या भाषेत 'व्यवसाय' आहे. पगार हे एक उत्पन्न आणि हा व्यवसाय दुसरे. आयकराचा कायदा या दोहोंना वेगवेगळे नियम लावतो आणि नेमका तोच फरक आमच्या लोकांना कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांना आम्ही घटनाकार म्हणून नमन करतो. पण ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते आणि सरकारी पैसा हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांतला अन्याय्य फरक दाखवला होता. प्राप्तिकर भरणाऱ्याला त्या वर्षी काही कमाई झाली असेल तरच कर भरावा लागतो. शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमीन थोडी असो की फार, सारा भरावाच लागतो, हा त्यांचा मुद्दा. कर माणसाच्या ऐपतीवर बसावा, हे त्यामागचे तत्त्व. त्याहीआधी जोतिराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्यावरच्या करांचे ओझे आणि त्याच्या घरची दैना लोकांपुढे मांडली होती. फुले-आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्या चळवळीला हिशोबाचा कंटाळा शोभत नाही.

जे तत्त्व बाबासाहेबांनी शेतकऱ्यासाठी मागितले, ते आयकराच्या कायद्यात धंदेवाल्यासाठी लिहिलेले आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ३७ सांगते की, जो खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला, जो घरगुती नाही आणि जो भांडवली नाही, तो उत्पन्नातून वजा होतो. संसदेने २०२५ मध्ये नवा आयकर कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरवली. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण खर्च वजा करून उरलेल्यावरच कर, हे तत्त्व तसेच ठेवले आहे.

आता हे खर्च कोणते, ते नीट समजून घ्यावे. धागा, सुया, बटणे, शेंगदाणे, गॅस, वेष्टनाच्या पिशव्या असा कच्चा माल. मदतीला ठेवलेल्या माणसाची मजुरी. मशीनची दुरुस्ती आणि तेलपाणी. माल नेण्या-आणण्याचे भाडे. धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज. मात्र कर्जाचे मुद्दल नव्हे. धंद्यासाठी जागा भाड्याने घेतली असेल तर तिचे भाडे. मशीनची पूर्ण किंमत एकाच वर्षी वजा होत नाही. तिचा घसारा दरवर्षी मिळतो. यंत्रसामग्रीवर साधारण १५ टक्के, संगणकावर ४० टक्के, फर्निचरवर १० टक्के. वस्तू खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी घसारा निम्मा.

घर आणि धंदा एकाच खोलीत असेल तर काय? आमच्या वस्त्यांतला खरा प्रश्न हाच. कायदा त्याला उत्तर देतो: जेवढा भाग धंद्याचा, तेवढाच खर्च धंद्याचा. विजेच्या बिलातला मशीनचा वाटा, मोबाइलच्या बिलातला ग्राहकांशी बोलण्याचा वाटा, असा प्रामाणिक अंदाज काढावा आणि तो कसा काढला हे वहीत लिहून ठेवावे. मुलांची फी, घरचा किराणा, अंगावरचे कपडे, लग्नाचा आहेर हा धंद्याचा खर्च नव्हे. कायदा मोडल्याबद्दलचा दंड हाही खर्च म्हणून वजा होत नाही आणि भरलेला आयकरही नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर तो खर्च सर्वसाधारणपणे मान्य होत नाही. मोठी रक्कम बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावी.

हे सगळे कागदावर कसे दिसते, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. एक गृहस्थ दिवसा महिना १२,५०० रुपये पगारावर नोकरी करतो. वर्षाचे झाले १,५०,००० रुपये. रात्री आणि रविवारी तो गणवेश शिवतो. त्याचे वर्षभरात हाती आले १,६०,००० रुपये. कुणी विचारले तर तो उत्पन्न सांगतो ३,१०,००० रुपये. आता वही उघडू. धागा-सुया-बटणे १८,०००. मशीनचा विजेचा वाटा ६,०००. रिक्षाभाडे ८,०००. दुरुस्ती आणि तेल ५,०००. काजे-बटणे करणाऱ्या मदतनिसाला २४,०००. मशीनवरच्या कर्जाचे व्याज ३,०००. ४०,००० रुपयांच्या मशीनचा घसारा ६,०००. एकूण खर्च ७०,००० रुपये. म्हणजे शिलाईतून त्याची खरी कमाई झाली ९०,००० रुपये आणि दोन्ही मिळून २,४०,००० रुपये.

वाचकांनी या दोन आकड्यांकडे नीट पाहावे. ३,१०,००० आणि २,४०,०००. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २,५०,००० रुपये आहे. पहिला आकडा सांगितला तर मुलगी या शिष्यवृत्तीच्या बाहेर जाते. फी माफीची वेगळी सवलत तिला मिळू शकते. पण निर्वाहभत्ता जातो. दुसरा आकडा सांगितला तर ती आत राहते. बापाने खोटे काही केलेले नाही. त्याची कमाई खरोखरच तेवढी आहे. फक्त ती सिद्ध करणारा कागद नाही. तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जे पुरावे जोडता येतात, त्यात आयकराचे विवरणपत्र हा एक वजनदार पुरावा आहे. धागा-सुयांची नोंद नसल्यामुळे लेकीचा निर्वाहभत्ता जाणार असेल, तर हा विषय पांढरपेशांचा कसा?

या गृहस्थाला कर एक रुपयाही नाही. मग विवरणपत्र भरायचे कशाला, असा प्रश्न येईल. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, हे खरे आहे. पण कर लागत नाही म्हणून आपला पैसा कापला जात नाही, असे नव्हे. विमा कंपनी एजंटाच्या कमिशनमधून टीडीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाचे कमिशन २०,००० रुपयांच्या पुढे गेले तर २ टक्के. व्यावसायिक फी एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त देणारी संस्था साधारणपणे १० टक्के कापते. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांपर्यंत जाते. ज्याच्यावर कर बसतच नाही, त्याचा हा कापलेला पैसा सरकारकडे पडून असतो. तो परत मिळवण्याचा मार्ग एकच, विवरणपत्र भरणे. मोठे लोक सनदी लेखापालाला पगार देऊन पैन् पै परत आणतात. आमचा एजंट म्हणतो, जाऊ द्या, दोन-चार हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार! दोन-चार हजार म्हणजे मुलाच्या पुस्तकांचे पैसे आहेत, हे आम्ही विसरतो.

तिसरी गोष्ट कर्जाची. मशीन घ्यायचे, दुकान काढायचे, मुलाला शिक्षणासाठी बाहेर पाठवायचे, तर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. ती नसली की आमचा माणूस पतसंस्थेच्या नाहीतर खासगी सावकाराच्या दारात जातो. कागद नसण्याची किंमत तो दरमहा व्याजाने भरतो.

ज्यांचे उत्पन्न मर्यादेच्या आसपास आहे, त्यांच्यासाठी तर हा हिशोब आणखी मोलाचा. चळवळीमुळे शिकलेली आमची पहिली-दुसरी पिढी आता खासगी कंपन्यांत चांगल्या पगारावर आहे. समजा, एका अभियंत्याचा पगार वर्षाला १२,५०,००० रुपये आहे. पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता उरले ११,७५,०००. एवढ्यावर कर शून्य. त्याने सुट्टीच्या दिवशी नकाशे काढून १,००,००० रुपये मिळवले. हे सगळे उत्पन्न म्हणून दाखवले तर एकूण होते १२,७५,००० आणि उपकरासह कर बसतो ७४,१०० रुपये. म्हणजे एक लाख मिळवले आणि तीन-चतुर्थांश गेले. पण अभियांत्रिकी, वैद्यकी, वकिली, लेखापरीक्षण अशा ठरावीक व्यवसायांना कायद्याने सोय दिली आहे. जमा रकमेच्या निम्मी रक्कम, किंवा प्रत्यक्षात अधिक उरली असेल तर ती, उत्पन्न म्हणून दाखवायची. बाकीचा खर्च मानला जातो. म्हणजे या अभियंत्याचे व्यवसायाचे उत्पन्न ५०,०००, एकूण १२,२५,०००. उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेल्यास, जेवढे वर गेले त्याहून अधिक कर घेतला जात नाही. म्हणून त्याचा कर २५,००० आणि उपकर १,०००, मिळून २६,०००. फरक ४८,१०० रुपयांचा! एका रकान्यात आकडा बरोबर भरला की नाही, एवढ्यावर हा फरक आहे.

शिलाई, खाद्यपदार्थ, छोटे दुकान अशा धंद्यांनाही अशीच सोय आहे. तेथे उलाढालीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के उत्पन्न दाखवता येते. पण येथे सावध राहावे. 'किमान' या शब्दाचा अर्थ 'तेवढेच' असा नाही. प्रत्यक्ष कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवावी. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थाने ९०,००० मिळवून ९,६०० दाखवले, तर ते खोटे ठरेल आणि उद्या बँकेत त्याच विवरणपत्राची किंमत शून्य होईल. शिवाय ही सोय घेतली की वेगळा खर्च पुन्हा वजा करता येत नाही. कमिशनवर चालणाऱ्या धंद्याला, म्हणजे विमा एजंटांना, ही सोय नाही. त्यांनी खर्चाची वही ठेवलीच पाहिजे. आणि ठरावीक व्यवसायातल्या ज्यांना निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे असेल, त्यांना करपात्र मर्यादेच्या वर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही लागते.

नव्या करपद्धतीविषयी एक मोठा गैरसमज पसरला आहे. त्यात कुठलीच वजावट मिळत नाही, असे लोक सांगतात. विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी अशा गुंतवणुकीच्या बहुतेक वजावटी त्यात नाहीत, हे बरोबर. पण धंद्याचा खर्च ही सरकारने दिलेली मेहेरबानी नाही. तो उत्पन्न मोजण्याचाच भाग आहे आणि तो दोन्ही पद्धतींत वजा होतो. दुसरी चूक विवरणपत्राच्या नमुन्याची. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ भरतो. त्यात धंद्याचे उत्पन्न दाखवण्याची जागाच नाही. ठोकळ टक्केवारीची सोय घेणाऱ्याने आयटीआर-४ आणि वहीप्रमाणे खर्च दाखवणाऱ्याने आयटीआर-३ भरावा. धंद्यात तोटा आला तर तो पगारातून वजा होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सरकारी नोकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांना पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे. आधी परवानगी, मग धंदा, मग खर्चाची वही, हाच क्रम. कर भरला म्हणून नियमभंग माफ होत नाही.

आता एका दुखण्यावर बोट ठेवणे आम्हाला भाग आहे. 'रिफंड काढून देतो, त्यातले एवढे टक्के माझे', असे सांगत फिरणारे मध्यस्थ वस्त्या-वस्त्यांत आणि कारखान्यांच्या दारात दिसतात. ते न दिलेली देणगी दाखवतात, नसलेले आजारपण दाखवतात, नसलेला खर्च दाखवतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. सापडल्यावर मध्यस्थ हात झटकतो. पॅन आपला असतो, सही आपली असते. उत्पन्न चुकीचे सांगून बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण दुसरे आहे. ज्या तिजोरीतून आमच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे चालतात, त्या तिजोरीला भोक पाडून आम्ही कुणाला फसवणार? खरा खर्च एक रुपयाही सोडू नये आणि खोटा खर्च एक रुपयाही दाखवू नये, ही आमची भूमिका आहे.

हा हिशोब केवळ आयकरापुरता ठेवून चालणार नाही. सोलापूरच्या विडी कामगार भगिनींचे उदाहरण घ्या. घरी बसून, हजारी दराने त्या विड्या वळतात. त्यांना कुणी स्वयंरोजगारी म्हणत असेल तर ती दिशाभूल आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्यांना मिळते ती मजुरी आहे, धंद्याचा नफा नव्हे. म्हणून त्यांना आयकरात धंद्याचा खर्च वजा करता येणार नाही. पण म्हणून त्यांचा खर्च खोटा होतो काय? पाने कमी पडली तर पदरची आणायची, कात्री आपली, दिवा आपला, बसायची जागा आपली. हा खर्च कापून हातात काय उरते, हे लिहिले तर मजुरीच्या वाटाघाटीत तोच कागद सर्वांत मोठा साक्षीदार होईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नव्या चौकटीत मजुरीचे दर मागताना आमच्याकडे घोषणांबरोबर आकडेही हवेत.

तयार कपड्यांच्या धंद्यातही हाच प्रश्न आहे. कापड मालकाचे, माप मालकाचे, दर मालकाचा, नापास करण्याचा अधिकार मालकाचा आणि जोखीम मात्र शिवणाऱ्याची. असा माणूस मालक आहे की मजूर? १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शिलाई दुकानाच्या खटल्यात तुकड्यावर काम करणाऱ्या, कधी काम घरी नेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे कामगार ठरवले होते. त्या दुकानात यंत्रे मालकाची होती; आज ती आमच्या घरात आहेत, म्हणून प्रत्येक प्रकरण वेगळे ठरेल. पण कामगार कोण, हे कामाचे स्वरूप ठरवते; विवरणपत्रातला रकाना ठरवत नाही. म्हणून ज्याचा खरोखर स्वतःचा धंदा आहे त्याने खर्च आयकरात वजा करावा आणि ज्याच्या माथी धंद्याच्या नावाखाली मालकाचा खर्च मारला आहे त्याने तो मालकाकडे मागावा. दोघांनाही वही मात्र हवीच.

त्यासाठी फार काही लागत नाही. शंभर पानी वही. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. तारीख, रक्कम, कशासाठी. पावत्यांसाठी एक पाकीट. रिक्षावाला पावती देत नाही, तर त्याच दिवशी आपल्या हाताने व्हाउचर लिहून ठेवावे. धंद्याच्या व्यवहारासाठी शक्य तर वेगळे बँक खाते. वह्या आणि पावत्या निदान सात-आठ वर्षे जपून ठेवाव्यात. हे काम घरात शिकलेल्या मुलीने रोज रात्री दहा मिनिटांत करावे. तिलाही कळेल की बापाच्या कमाईतला किती भाग धाग्यातच जातो.

आणि हे काम एकेकट्याने करण्याचे नाही. आमच्यात सनदी लेखापाल झाले आहेत, करसल्लागार झाले आहेत, बँकांतून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. जून-जुलै महिन्यात विवरणपत्रांचा हंगाम असतो. त्यातले दोन रविवार त्यांनी विहारात बसावे. वंदना झाल्यावर सतरंजीवर वह्या उघडाव्यात. कुणाचा टीडीएस अडकला आहे, कुणाला कोणता नमुना लागतो, कुणाचा कोणता खर्च राहून गेला आहे, एवढे पाहावे. यासाठी सभागृह लागत नाही, हार-तुरे लागत नाहीत आणि पुढाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले ते फक्त पदवीपुरते नव्हते. ज्यांना शतकानुशतके आपल्या श्रमाचा हिशोब विचारू दिला नाही, ज्यांना बलुते घालताना 'मिळाले ते घ्या आणि जा' असेच ऐकवले गेले, त्यांनी आता आपला हिशोब स्वतःच्या हाताने लिहिला पाहिजे. जयंतीचा जमाखर्च आम्ही चौकात लावतो. तसाच एक जमाखर्च घरातल्या मशीनजवळच्या खिळ्याला टांगलेला असावा. पुढच्या वर्षी तहसील कार्यालयात, बँकेत किंवा मालकाच्या दारात कुणी उत्पन्न विचारले, तर आमच्या माणसाने अंदाजे तोंडी आकडा सांगू नये. त्याने खिळ्यावरची वही काढून पुढे ठेवावी.

जय भीम!